समुद्र नसलेल्या शहरातलं मत्स्यालय

बंगळुरूला समुद्र नाही, सांगण्यासारखी नदीही नाही. तरीही कब्बन पार्कच्या कडेला १९८३ साली मत्स्यालय उभं राहिलं. या शहराची आणि पाण्याची गोष्ट मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिच्यात शहाजीराजांपासून लोणावळ्याच्या माशापर्यंत बरंच काही आहे...

पुण्या-मुंबईहून बंगळुरूला गेलेल्या पाहुण्याला यजमान काय काय दाखवणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. विधानसौध बाहेरून, लालबाग आतून, टिपू सुलतानचा उन्हाळी महाल घाईघाईत आणि संध्याकाळी मल्लेश्वरममध्ये फिल्टर कॉफी. बरोबर पोरंबाळं असली की यादीत आणखी दोन नावं येतात. एक, कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संग्रहालय. दुसरं, त्याच रस्त्यावर कब्बन पार्कच्या तोंडाशी असलेलं सरकारी मत्स्यालय.

पाहुणा मुंबईचा असेल तर मत्स्यालयाचं नाव निघताच त्याच्या चेहऱ्यावर एक हलकंसं हसू उमटतं. ‘आमच्याकडे तारापोरवाला आहे!’ हे तो बोलून दाखवत नाही, पण यजमानाला ते ऐकू येतं. गंमत अशी की, बंगळुरूच्या मत्स्यालयाची ओळखही वर्षानुवर्षं तारापोरवालाच्याच आधाराने करून दिली गेली. ‘मुंबईच्या खालोखाल देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं मत्स्यालय’ असं पर्यटनाच्या पुस्तिकांमधून छापलं जायचं. थोरल्या जावेच्या नावाने धाकटीची ओळख करून द्यावी, तसा प्रकार.

पण या दोघींच्या माहेरात मोठा फरक आहे. तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, अरबी समुद्राला अगदी खेटून. विकाजी तारापोरवाला या पारशी दानशूराने दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून आणि सरकारी पैशातून, एकूण आठेक लाखांत ते बांधलं गेलं. २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे २०१५ साली नूतनीकरण होऊन तिथे काचेच्या बोगद्यासारखा अ‍ॅक्रिलिकचा छोटा भुयारी मार्गही आला. माशांखालून चालण्यासाठी रांगा लागल्या. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे दारं बंद झाली. महासाथ ओसरली, तोवर इमारतच धोकादायक ठरली होती, आणि दारं काही उघडली नाहीत. चर्नी रोड स्टेशनवर उतरून आई-बाबांचं बोट धरून तिथे गेलेल्या तीन पिढ्या मुंबईत आहेत. त्यांना ही बातमी घरातलं कुणी गेल्यासारखी लागली असेल, तर नवल नाही.

मत्स्यालय समुद्राकाठी असावं, हा काही हौसेचा मामला नव्हता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. तेव्हा लोकांना वेड लागायचं बाकी राहिलं होतं. फिलिप गॉस नावाच्या निसर्गवेड्याने पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचवला. पण लंडनलाही समुद्र नाही. खारं पाणी किनाऱ्यावरून आणायचं, ते खराब होऊ द्यायचं नाही, ही डोकेदुखी पहिल्या दिवसापासून होती. म्हणून पुढची शहाणी मत्स्यालयं सरळ किनाऱ्यावर जाऊन बसली. आपल्या देशातलं पहिलं १९०९ साली मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर सुरू झालं. मद्रास म्युझियमचे एडगर थर्स्टन यांचा त्यासाठी खटाटोप होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडलं ते पडलंच.

बंगळुरूने या सगळ्या शहाणपणाच्या उलट केलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच पठारावर, मंगळुरूच्या बंदरापासून साडेतीनशे किलोमीटर दूर मत्स्यालय थाटलं!

<b>नळाचं पाणी, मिठाचा समुद्र</b>

आता अशा ठिकाणी समुद्र आणायचा कुठून? त्याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने देता येईल. समुद्राच्या एका लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे हजार लीटरच्या टाकीला ३५ किलो. पण वाण्याकडचं मीठ ओतून भागत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांची नेमकी मापं जमवावी लागतात. ती चुकली तर प्रवाळात राहणारा नाजूक मासा दोन दिवसही काढत नाही. म्हणूनच समुद्रापासून दूरच्या कुठल्याही मत्स्यालयात खाऱ्या पाण्याच्या टाक्या मोजक्याच असतात आणि गोड्या पाण्याच्या भरपूर. बंगळुरूतही खरी गर्दी गोड्या पाण्याच्या माशांचीच होती.

गोड्या पाण्याचं तरी कुठे सोपं आहे! नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. माणसाला ते पचतं, पण माशाचे कल्ले त्याने भाजून निघतात. म्हणून पाणी आधी उघड्यावर मुरवत ठेवायचं किंवा त्यात औषध घालायचं. मग टाकीत मासे सोडले की त्यांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारीच. टाकीतल्या वाळूत आणि गाळणीत राहणारे काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचं नायट्रेट करतात, तेव्हा कुठे पाणी राहण्याजोगं होतं. हे जीवाणू जम बसवायला तीन-चार आठवडे घेतात. नवी काचपेटी आणून त्याच दिवशी डझनभर मासे सोडणाऱ्या घरांत आठवड्याभरात पोरं का रडतात, त्याचं कारण हे. माशांना ‘नजर’ वगैरे काही लागलेली नसते.

शिवाय हवा. पंपातून निघणारे ते बुडबुडे शोभेसाठी नसतात, पाणी हलतं ठेवून प्राणवायू विरघळवण्यासाठी असतात. वीज गेली आणि जनरेटरही रुसला, तर दाटीवाटीच्या टाकीत काही तासांत मासे पृष्ठभागावर येऊन आ वासू लागतात. त्यातून बंगळुरूची हवा! माणसांना ती इतकी मानवते की निवृत्त मंडळी तिथे घरं बांधत आली. पण अ‍ॅमेझॉनच्या ऊबदार पाण्यातल्या एंजल माशाला डिसेंबर-जानेवारीतली १५ अंशांची रात्र म्हणजे शिक्षाच. त्याच्यासाठी पाणी तापवावं लागतं. शेजारच्या टाकीतल्या गोल्डफिशला मात्र गारवाच आवडतो. एकाच छपराखाली पन्नास देशांचे पाहुणे, आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं.

पाहुणेही नाना तऱ्हांचे. दक्षिण अमेरिकेतला ग्लोलाइट टेट्रा, अंगावरून तापलेल्या तारेसारखी केशरी रेघ गेलेला. थायलंडचा सयामी फायटर, जो हवेतूनही श्वास घेऊ शकतो आणि समोर दुसरा नर दिसला की पिसारा फुलवून भांडायला उभा राहतो. सुमात्रा-बोर्निओकडचे टायगर बार्ब. ताटातल्या माशांपैकी कटला. आणि ‘रेड टेल शार्क’ असं भारदस्त नाव लावलेला एक बोटभर लांबीचा मासा. काळाकुळकुळीत, फक्त शेपटी लालभडक. शार्कशी त्याचा संबंध नाही, तो रोहू-कटल्याच्याच विस्तारित कुटुंबातला. पोरं पाटी वाचून निराश होतात आणि पुढच्या टाकीकडे पळतात. पण मोठ्यांनी तिथे क्षणभर थांबावं असा हा मासा आहे. थायलंडमधल्या त्याच्या मूळ नदीच्या खोऱ्यातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. आज जगभरच्या काचपेट्यांत दिसतो तो शेततळ्यांत पैदास केलेला. घरदार गेलं, गोतावळा मात्र देशोदेशी भाड्याच्या खोल्यांत सुखाने नांदतो आहे!

<b>स्टेडियमखालचं तळं</b>

मत्स्यालयातून बाहेर पडून कस्तुरबा रोडने हडसन सर्कलच्या दिशेला चालू लागलं, की थोड्याच वेळात कंठीरवा स्टेडियम लागतं. या स्टेडियमच्या जागी एकेकाळी संपंगी नावाचं मोठं तळं होतं. म्हणजे ज्या शहराला जलकिनारा नाही असं आपण समजतो, त्याचं मत्स्यालय एका बुजलेल्या तळ्याच्या शेजारालाच उभं आहे.

आणि असं तळं काही एकटंच नव्हतं. बंगळुरू वसलं आहे ते पठाराच्या कण्यावर. इथे पडलेला पाऊस पश्चिमेकडे उतरला तर अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतो, पूर्वेकडे गेला तर दक्षिण पिनाकिनीला. मधे थांबायला त्याला जागाच नाही. म्हणून १५३७ साली केंपेगौडाने गाव वसवलं तेव्हापासून त्याने आणि त्याच्या वारसांनी उतारावर बांध घालून तळी केली. एक तळं भरलं की त्याचा सांडवा पुढच्या तळ्यात. जपमाळेतले मणी ओवावेत तशी ही तळी ओढ्यांनी ओवलेली होती. त्यांवर भातशेती झाली, फुलमळे झाले, मासळी झाली.

मराठी माणसाला या तळ्यांबद्दल थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने बंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे काही काळ इथे होते, असं इतिहासकार सांगतात. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाजवळचा १६६९ सालचा शिलालेख एकोजीराजांच्या दानाचा आहे. हेच एकोजी म्हणजे व्यंकोजी, शिवाजीराजांचे सावत्र भाऊ, पुढे तंजावरचे राजे झाले. दूरचं बंगळुरू सांभाळणं जिकिरीचं झाल्यावर त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना विकायचा सौदा केला. मोगलांच्या मध्यस्थीने १६८७ च्या सुमाराला शहर वोडेयरांच्या हाती गेलं. तीन लाखांत अख्खं बंगळुरू! आज त्या पैशात मल्लेश्वरममध्ये मोटार उभी करण्यापुरती जागाही मिळणार नाही. त्या देवळापासून सँकी टँक जवळच आहे. रिचर्ड सँकी या इंग्रज अभियंत्याने ते १८८२ साली बांधलं. १८७० साली कब्बन पार्कची आखणी करणाराही तोच.

सँकी टँक टिकलं. बाकीच्यांची नावं वाचताना मात्र स्मशानातल्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचं बसस्थानक झालं. महाराष्ट्रातून येणारी एस.टी. प्रवाशांना जिथे उतरवते, त्या परिसरात पूर्वी पाणी होतं. शूले तळ्यावर फुटबॉल स्टेडियम, अक्कितिम्मनहळ्ळीच्या तळ्यावर हॉकी स्टेडियम, चल्लघट्टाच्या तळ्यावर गोल्फचं मैदान, कोरमंगलाच्या तळ्यावर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत. खेळाडूंवर या शहराचं प्रेम, पण ते सगळं तळ्यांच्या वाटणीचं! संपंगीचा एक चौकोनी तुकडा स्टेडियमच्या कडेला तेवढा शिल्लक आहे. तोही का, तर चैत्र पौर्णिमेच्या करग उत्सवात तिगळ समाजाचे विधी याच पाण्याशी होतात म्हणून. हा समाज पिढ्यान्‌पिढ्यांचा माळी, आणि या तळ्याच्या पाण्यावर त्याचे मळे पिकायचे. देवाने जेवढं वाचवलं तेवढंच वाचलं.

तळी बुजवता येण्याइतका धीर शहराला आला, तो नळामुळे. १८९६ साली हेसरघट्टाहून, म्हणजे वीसेक किलोमीटरवरून अर्कावतीचं पाणी नळाने आलं. ते पुरेना तेव्हा १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं. तेही पुरेना तेव्हा १९७४ साली थेट कावेरी. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळपास अर्धा किलोमीटर उंची चढवून हे पाणी बंगळुरूत येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात विंधनविहिरी आटल्या, टँकरचे भाव भडकले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तेव्हा कब्बन पार्कमधल्या टाकीतल्या कटल्यापासून व्हाइटफील्डमधल्या संगणक अभियंत्यापर्यंत बंगळुरूत बहुतेकांची भिस्त या एका नदीवर.

<b>लोणावळ्याचा पाहुणा</b>

आता या कावेरीतली एक गोष्ट. मत्स्यालयाच्या कुठल्या पाटीवर ती शोधू नका, पण महाराष्ट्राचा तिच्याशी थेट संबंध आहे.

कावेरीत महाशीर नावाचा मासा असतो. त्यातला एक केशरी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला. गोड्या पाण्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या माशांत त्याची गणना होते. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ साली गळाने काढलेल्या महाशीराचं वजन १२० पौंड, म्हणजे ५४ किलो भरलं होतं. घरातल्या सहावी-सातवीतल्या मुलापेक्षा जास्तच. जगभरचे शौकीन या माशासाठी कावेरीकाठी तंबू ठोकून बसायचे.

पुढे धरणं झाली, वाळू उपसली गेली, सुरुंगाने मासे मारणारे वाढले. मासा घटू लागला, तशी त्याला वाचवण्याची धडपड सुरू झाली. आणि इथे लोणावळा येतं. वळवणच्या धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने महाशीराची पैदास करणारं केंद्र चालवलं होतं. असा मासा कृत्रिमरीत्या वाढवणं तेव्हा फार अवघड मानलं जायचं, त्यामुळे या कामाचं सगळीकडे कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. तिथली लाखो पिल्लं देशभरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीतही.

पण लोणावळ्याचा महाशीर वेगळ्या जातीचा. निळसर परांचा, दख्खनच्या नद्यांतला. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा पाहून १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आपल्या लोकांच्या तोंडचं ‘खुदरी’ हेच नाव त्याला दिलं. हा खुदरी कावेरीत गेला आणि चांगलाच रमला. गळाला मासे भरपूर लागू लागले. सगळे खूश! नदीत महाशीर वाढले, असंच सर्वांना वाटलं. कित्येक वर्षांनी अभ्यासकांनी मच्छीमार शिबिरांच्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की वाढला होता तो निळ्या परांचा पाहुणा. केशरी परांचा यजमान जवळजवळ संपत आला होता.

त्याहून कमाल पुढे आहे. ज्याचा जगभर बोलबाला होता, त्या केशरी माशाला तोवर स्वतःचं पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. २०१८ साली जनुकांच्या तपासणीतून ते निश्चित झालं: टॉर रेमादेवी. केरळमधल्या पांबार नदीत सापडलेल्या माशाला हे नाव आधीच दिलेलं होतं. दोन्ही मासे एकच निघाले. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून जाहीरही झाला. बारसं आणि अत्यवस्थ असल्याची बातमी एकाच वर्षात.

यात लोणावळ्याच्या मंडळींना दोष देणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. त्या काळी महाशीर म्हणजे महाशीर, एवढंच सगळे समजत होते. मात्र तेव्हा कुणी दोन्ही मासे काचेच्या दोन टाक्यांत शेजारी शेजारी ठेवून नीट न्याहाळले असते, तर कदाचित वेळीच फरक दिसला असता.

<b>हलसूरची सकाळ</b>

पावसाळ्याआधीच्या उकाड्यात बंगळुरूचे जुने रहिवासी तळ्याच्या काठी जाताना नाकाला रुमाल लावतात. ७ मार्च २०१६ रोजी सकाळी हलसूर तळ्यावर रुमालही पुरला नाही. लष्कराच्या मद्रास सॅपर्सचे जवान ज्या तळ्यात सराव करतात, त्या शंभरावर एकरांच्या तळ्यात हजारो मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. कारण गूढ नव्हतं. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू संपवतात. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही तो ओढून घेतं, आणि पहाटे पाण्यात काही उरत नाही. नव्या काचपेटीत जे एका आठवड्यात होतं, तेच इथे शंभर एकरांवर झालं. बेळंदूर तळ्याची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे साबणासारखा फेस रस्त्यावर उडाला, आणि २०१७ व २०१८ साली पाण्यावर चक्क आगीचे लोट उठले.

मत्स्यालयातला साधा कर्मचारी रोज जे करतो, तेच थोड्या मोठ्या प्रमाणावर तळ्याला लागतं: घाण आत येऊ द्यायची नाही, आलीच तर गाळून घ्यायची, जीवाणूंना त्यांचं काम करायला जागा द्यायची. हे अशक्य नाही, याचा दाखला शहराच्या उत्तरेला, येलहंकाच्या वाटेवर जक्कूरला पाहायला मिळतो. तिथे सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रात जातं, मग पाणवनस्पतींच्या दलदलीतून झिरपत पुढे सरकतं आणि त्यानंतरच तळ्यात उतरतं. दलदल म्हणजे मत्स्यालयातली गाळणीच, फक्त एकरांत मोजायची. नदीपासून इतक्या दूरच्या या तळ्यात त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी राहिलं, आजूबाजूच्या विहिरींना त्याचा आधार झाला, आणि पेलिकन नि रंगीत करकोचे येऊ लागले.

पेलिकन उगाच येत नाहीत. तळ्यात रोहू आणि कटला वाढवले जातात, सकाळी मच्छीमार जाळी ओढतात, तेव्हा हे पक्षी थव्याने भोवती जमतात. कब्बन पार्कमध्ये काचेला नाक लावून पोरांनी पाहिलेला तोच कटला इथे जाळ्यात उड्या मारत असतो, आणि भाव वजनावर ठरतो.